कप्तानाचा डावा डोळा

माझ्या हातातला हा प्लॅस्टिकचा छोटा शिपाई, याला मिनिएचर म्हणतात, मागच्या रांगेतून दिसणार नाही, म्हणून तो तुमच्यातच फिरू देतो. जपून धरा, तलवार पातळ आहे. तळपायापासून डोळ्यांपर्यंत उंची जेमतेम 28 मिलिमीटर. धड एका संचातलं, डोकं दुसऱ्या संचातलं, आणि डावा पाय गुडघ्याखाली दात कोरायच्या काडीचा. टोपीवरचं पीस कापलेलं दिसेल, त्याबद्दल शेवटी सांगतो.

वेगवेगळ्या संचांचे भाग जुळवले की किटबॅशिंग. कापून, वाकवून, लिंपून मूळ आकृतीच बदलली की कन्व्हर्जन. प्रत्यक्षात दोन्ही एकाच टेबलावर, एकाच संध्याकाळी चालतं. मला आज सांगायचंय ते वेगळं आहे: सुरी हातात घेण्याआधी त्या शिपायाचं काय झालं हे तुम्हाला माहीत हवं.

मला हे मॉर्डहाइम नावाच्या, टेबलावर मिनिएचर मांडून खेळायच्या युद्धखेळानं शिकवलं. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचा वॉरहॅमर हा असाच खेळ 1983 मध्ये आला. त्यात पलटणीच्या पलटणी लढतात, आणि मेलेला शिपाई उचलून बाजूला ठेवला की संपलं. 1999 मध्ये त्याच जगातला मॉर्डहाइम आला. धूमकेतू कोसळून उद्ध्वस्त झालेलं शहर आणि त्याच्या अवशेषांत लुटीसाठी भिडणाऱ्या छोट्या टोळ्या. माणसांच्या भाडोत्री टोळीत जास्तीत जास्त 15 जण. बहुतेक टोळ्यांना सुरुवातीला 500 सोन्याची नाणी मिळतात. त्यातून एकेकाची तलवार, ढाल, पिस्तूल विकत घ्यायचं, आणि जे घेतलं ते मिनिएचरवर दिसलं पाहिजे. म्हणजे कन्व्हर्जन तिथूनच सुरू झालं.

पण खरी गंमत लढाईनंतर. टोळीतला एखादा नायक पडला असेल तर दोन फासे टाकायचे, एक दशकाचा, एक एककाचा. 11 ते 15 आलं तर मेला. 22 आलं तर पायाला जखम, 31 आलं तर एक डोळा गेला. तो अधू होऊन पुढच्या लढाईला उभा राहतो, आणि टेबलावर मात्र तुमचा शिपाई पहिल्या दिवसासारखाच धडधाकट. मला ते बघवेना.

माझ्या टोळीच्या कप्तानाला, तुमच्यात फिरतोय त्यालाच, 31 आला. डावा डोळा. पहिल्यांदा मी फक्त पट्टी लावली. ती हिरव्या पुटीची. ही पुटी दोन भागांत येते, निळा आणि पिवळा भाग सारखा घेऊन मळायचा. मळल्याबरोबर ती फार चिकटते, अर्धा तास तशीच राहू द्या, मग ओल्या अवजारानं कामाला लागा. रात्रभर ठेवली की कडक होते. पट्टी सुबक झाली, पण कप्तान खोटा वाटत होता. दोन दिवस तो टेबलावर तसाच होता, तेव्हा लक्षात आलं. डावा डोळा गेलेला माणूस मान किंचित डावीकडे वळवतो, उरलेला डोळा समोर यावा म्हणून. माझा कप्तान नाकासमोर बघत होता.

मग मान कापली. सोनाराची बारीक पात्याची करवत यासाठी उत्तम, तिनं प्लॅस्टिक फार वाया जात नाही. नवं डोकं आधी पेरी मिनिएचर्सच्या वॉर्स ऑफ द रोझेस संचातलं बसवून पाहिलं. शिल्पकाम अप्रतिम, पण ते प्रमाणशीर माणसाचं डोकं आहे. वॉरहॅमरच्या शिपायांची डोकी आणि पंजे मुद्दाम मोठे घडवलेले असतात, त्यामुळे कप्तानाच्या खांद्यांवर ते मुलाचं वाटायला लागलं. त्या संचातल्या तलवारी-भाले खुशाल घ्या, डोकं नीट तोलून घ्या, आणि पंजा मात्र त्याच्या मूळ हातासकट घ्या. शेवटी वॉरहॅमरमधल्या एम्पायर या माणसांच्या साम्राज्याच्या शिपायाचं डोकं घेतलं, सोळाव्या शतकातल्या जर्मन लान्सक्नेख्टसारखी, म्हणजे भाडोत्री सैनिकासारखी, पिसाची टोपी असलेलं. साधारण पंधरा अंश डावीकडे वळवून चिकटवलं, आणि तो बघायला लागला.

चिकटवण्याबद्दल थोडं. पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकला प्लॅस्टिक ग्लू वापरा, तो पृष्ठभाग विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो. धातू आणि रेझिनवर त्याचा उपयोग नाही, तिथे सुपरग्लू. धातूचा जड हात नुसत्या सुपरग्लूवर सोडू नका, माझा एक ऐन लढाईत गळून पडला होता. हातड्रिलनं दोन्हीकडे एक मिलिमीटरचं भोक पाडा आणि पेपरक्लिपचा तुकडा आत घाला. रेझिन घासताना मास्क लावा आणि ते ओलं करूनच घासा, यात हयगय नको.

गळक्या नळाला लावतो ते एम-सीलही मी वापरतो, पायाखालचे दगड आणि मोठ्या फटी भरायला. चेहऱ्यासाठी नाही.

पुढे 22 आला. नियमानं चाल फक्त एक इंचानं कमी होते, चाराची तीन. लाकडी पाय ही माझी भर. गुडघ्याखाली कापून काडी लावली आणि पुन्हा तीच चूक झाली: काडी बसली, माणूस बसला नाही. भार उजव्या पायावर गेला की उजवं कंबरेचं हाड वर येतं आणि उजवा खांदा खाली. म्हणून कंबरेतून आडवा कापून, पाचरीएवढं प्लॅस्टिक काढून, धड उजवीकडे झुकवलं. उरलेली फट पुटीच्या पट्ट्यानं झाकली. राखाडी प्रायमर मारल्यावर एकही जोड दिसेना, तेव्हा मला जो आनंद झाला तो आजही आठवतो.

मग एका लढाईनंतर 14 आला.

मेलेल्याची हत्यारं, चिलखत, सगळं त्याच्याबरोबर जातं, असा नियम आहे. तलवार दुसऱ्या कुणाला देता येईना, म्हणून ती अजून त्याच्याच हातात आहे. पिसाबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं. टोळीत एक पोरगेला यंगब्लड, म्हणजे नवशिका लढवय्या होता, बोडक्या डोक्याचा. त्याला टोपी केली, कप्तानाचं पीस कापलं आणि तिच्यात खोवलं. तो दुसऱ्या डबीत आहे, आता त्याला पुढे पाठवतो.