आधी क्लब, मग लीग

नमस्कार, श्रोतेहो. आज मला आफ्रिकेतल्या एका लीगबद्दल बोलायचंय, आणि नागपूरच्या बास्केटबॉलवाल्यांनी ते कान देऊन ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

फेब्रुवारी 2019मध्ये अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग एनबीए आणि खेळाची जागतिक संघटना फिबा यांनी मिळून बास्केटबॉल आफ्रिका लीग जाहीर केली. एनबीए उत्तर अमेरिकेबाहेर लीग चालवायला पहिल्यांदाच उतरत होती. बारा देशांचे बारा संघ आणि मार्च 2020ला सेनेगलच्या डाकारमध्ये सुरुवात, असं ठरलं होतं. कोरोनाने सगळंच लांबणीवर टाकलं. शेवटी 16 मे 2021ला रवांडाच्या किगालीत पहिला सामना झाला.

अनेक देशांची लीग म्हटली की खेळाआधी प्रवासच घाम फोडतो. तिकिटं, व्हिसा, मुक्काम. प्रत्येक संघाने आज इकडे, उद्या तिकडे खेळायचं ठरवलं असतं, तर लहान क्लब खर्चानेच खाली बसले असते. पहिल्या वर्षी कोरोनामुळे सगळ्यांना किगालीत आणलं आणि एकाच अरीनात पंधरवड्यात 26 सामने खेळवले. दुसऱ्या वर्षी अर्धे संघ डाकारला, अर्धे कैरोला, आणि प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, पुन्हा किगालीत. अंथरूण पाहून पाय पसरले, आणि मला ते फार आवडलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हे संघ आले कुठून? नवी नावं, नवे मालक शोधत कुणी बसलं नाही. इजिप्त, ट्युनिशिया, मोरोक्को, सेनेगल, नायजेरिया आणि अंगोला या सहा देशांच्या विजेत्या क्लबांना थेट जागा मिळाली, उरलेले सहा पात्रता फेरीतून आले. संघात बहुसंख्य खेळाडू त्याच देशाचे हवेत, असा नियम केला. रवांडाच्या संघाकडून अमेरिकन रॅपर जे. कोल खेळला, तेव्हा कॅमेरे त्याच्यामागे धावले. चषक मात्र नेला 1911 साली स्थापन झालेल्या इजिप्तच्या झमालेक क्लबने. अंतिम सामन्यात त्यांनी ट्युनिशियाच्या मोनास्तिरला 76-63 असं हरवलं. पुढच्या वर्षी मोनास्तिर परत आलं आणि जिंकलं. त्या वर्षी अंतिम सामना हरलेला अंगोलाचा पेत्रो क्लब 2024ला विजेता झाला. क्लब जागेवर असला की हरलेला संघ असा उभा राहतो!

आपल्याकडे 2015ला एक व्यावसायिक लीग सुरू झाली आणि काही हंगामांत थांबली. 2022मध्ये दुसरी आली. त्यात खेळलेल्या मुलांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण संघाच्या नावामागे क्लब नसेल, तर हंगाम संपल्यावर खेळाडूने सराव कुठे करायचा?

आता नागपूर बघा. मे महिन्यात आमची कोर्टं पहाटेच भरतात, कारण ऊन चढल्यावर सिमेंटवर उभं राहवत नाही. तेरा-चौदा वर्षांची एखादी मुलगी डाव्या हाताचा ले-अप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकणं, घोटत असते. पाय चुकतो, कोच ओरडतो, ‘शेवटचा पाय उजवा!’ ती रांगेच्या टोकाला पळते आणि पुन्हा येते. रिंगमागच्या फळीवरच्या चौकोनाच्या कोपऱ्याला लागून चेंडू रिंगमध्ये पडला की अख्खी रांग टाळ्या वाजवते. हीच मुलगी अकरावीत गेली की नीटच्या क्लासमुळे मैदान सुटतं. घरच्यांना दोष कसा देणार? सोळाव्या वर्षानंतर तिला खेळायला वर्षभराचे सामनेच नाहीत. पुढे रेल्वेत वगैरे क्रीडा कोट्याची नोकरी लागली तर लागली.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, चंद्रपूर इथल्या क्लबांनी दर महिन्याला एकमेकांच्या कोर्टवर जाऊन खेळावं, मुलांचे आणि मुलींचे दोन्ही संघ घेऊन. जवळच्या शहरात बसने सकाळी निघालं तर रात्री घरी पोचता येतं. पैशांपेक्षा माणसं जास्त लागतील: स्कोअरर, टाइमकीपर, चोवीस सेकंदांत चेंडू रिंगकडे टाकला का हे मोजणाऱ्या घड्याळावर बसणारा. जुन्या खेळाडूंनो, तुमच्यातल्या कितीतरी जणांना हे काम येतं. या रविवारी जवळच्या कोर्टवर जा आणि तिथल्या कोचला सांगा की स्कोअररच्या टेबलाशी मी बसतो.