सकाळी दहाचं पाणी

[दृश्य: सपाट शेतं, मधून सरळ गेलेला चर, मागे बर्फाने झाकलेला माउंट बेकर]

सिॲटलहून उत्तरेला गाडीने तासाभर गेलं की स्कॅजिट नदीचं खोरं लागतं. एप्रिल आला की सिॲटल-रेडमंडकडची मराठी मंडळीही ट्यूलिप बघायला इकडे येतात. फोटो काढून होतात, चिखलाचे बूट झाडले जातात. शेताच्या कडेने वाहणाऱ्या गढूळ चराकडे कशाला कोण बघतंय! आपल्याला मात्र त्या चरातच उतरायचंय.

उत्तर अमेरिकेतल्या पॅसिफिक सॅमन माशाच्या पाचही जाती अंडी घालायला समुद्रातून या नदीत चढतात: चिनूक, कोहो, चम, पिंक आणि सॉकाय. त्यातला प्युजेट साउंडचा (ही नदी ज्या खाडीला मिळते तिथला) चिनूक 1999 साली धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला.

पूर्वी नदीच्या मुखाकडचा हा भाग म्हणजे खाजणच. एकोणिसाव्या शतकात आलेल्या वसाहतकऱ्यांनी बांध घालून भरतीचं पाणी अडवलं, वळणावळणाचे ओढे सरळ केले, चर खणले. जमीन निघाली ती सोन्यासारखी. आज तिथे बटाटा, ब्लूबेरी आणि बीट-कोबी-पालकाचं बियाणं पिकतं. चर नसतील तर शेत पाण्याखाली जाईल, ही शेतकऱ्याची बाजू आधीच सांगून ठेवलेली बरी.

[दृश्य: पाण्याखालून, गवताच्या मुळांत बोटभर लांबीची पिल्लं]

हा कोहो. कोहोची मादी शरद ऋतूत ओढ्यात चढते, शेपटीने गोट्यांत खड्डा करते, अंडी घालून वर खडी लोटते. वरून बारीक गाळ बसला की खडीतून पाणी फिरत नाही आणि अंडी जागीच गुदमरतात. वसंतात जी पिल्लं बाहेर येतात ती लगेच समुद्राकडे जात नाहीत. वर्षभर, कधी त्याहून जास्त, ती गोड्या पाण्यातच वाढतात. त्यासाठी त्यांना मोठी नदी नको असते. शांत, उथळ ओढा चालतो. शेतातला चरही चालतो. म्हणजे अख्खा उन्हाळा त्यांना तिथेच काढायचा असतो, आणि सगळी गोम त्या उन्हाळ्यात आहे.

[दृश्य: पाण्यात उभी तपासनीस, हातात मीटर]

पाणी तपासणारी माणसं सकाळी कार्यालयातून निघतात, दहाच्या सुमाराला ओढ्यावर पोचतात, मीटर बुडवतात, आकडा लिहितात. आकडा बहुतेक वेळा चांगलाच येतो, काळजी करण्यासारखं काही नाही असा. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावावा, तसलाच हा प्रकार. ओढ्याचं पाणी सगळ्यात तापतं दुपारी चार-पाचला. विरघळलेला प्राणवायू सगळ्यात कमी होतो पहाटे, कारण रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पती तो वापरत असतात, बनवत काहीच नाहीत. पिल्लांच्या जिवावर बेततं ते या दोन वेळांना, आणि दहाच्या मीटरला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून लॉगर. अंगठ्याएवढं नोंदयंत्र, भोकं पाडलेल्या पाइपच्या तुकड्यात बसवलेलं, म्हणजे थेट ऊन लागणार नाही. तारेने झाडाच्या मुळाला बांधायचं आणि वाहत्या पाण्यात सोडून द्यायचं. अर्ध्या-अर्ध्या तासाने ते तापमान टिपत राहतं.

[दृश्य: संगणकावर आलेख, खालीवर होणारी रेघ]

आलेख नुसता बघून चालत नाही, वाचता यावा लागतो. ही रेघ रोज दुपारी थोडी वर जाते, पहाटे खाली येते, इथवर ठीक. इथे एकाएकी रात्री फार गार आणि दिवसा फार गरम. पाणी बदललेलं नाही, ओढा आटला आणि लॉगर उघडा पडला. म्हणजे नोंद झाली ती हवेची. इथे उलट, रेघ जवळजवळ सपाट. लॉगर गाळात पुरला गेलाय. असे दिवस गाळून टाकल्याशिवाय पुढचा हिशेब करायचा नाही. खरी मेहनत आहे ती इथे. पाण्यात उतरणं त्यामानाने सोपं.

हिशेबही साध्या सरासरीचा नाही. रोजचं कमाल तापमान घ्यायचं आणि सलग सात दिवसांची त्याची सरासरी काढायची. सॅमनच्या मुख्य उन्हाळी अधिवासासाठी वॉशिंग्टन राज्याची मर्यादा 16 अंश सेल्सियस आहे. इतर बऱ्याच ओढ्यांना 17.5. बावीस-तेवीसच्या पुढे मासा तग धरत नाही. शिवाय पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: 10 अंशाला लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम, 20 अंशाला 9. ही फक्त क्षमता झाली. त्यात कॅनरी गवत चरात माजून कुजायला लागलं की प्रत्यक्ष आकडा आणखी घसरतो.

[दृश्य: जाळीतून पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलेले किडे]

दगड घासून जाळीत धरलेल्या या किड्यांना मात्र वेळेचं बंधन नाही. दोन शेपट्यांची, चपटी, दगडाला घट्ट चिकटणारी ही स्टोनफ्लायची अळी. तिला गार, स्वच्छ, वाहतं पाणीच लागतं, आणि काही जातींच्या अळ्या एकाच ओढ्यात वर्ष-दोन वर्षं काढतात. ट्रेमध्ये ती सापडली, तर मधल्या काळात पाणी फारसं बिघडलं नव्हतं. नुसते गाळातले किडे निघाले, तर मीटर काहीही म्हणो, पाणी बिघडलेलं होतं.

[दृश्य: काठावर निळ्या नळकांड्यांत लावलेली रोपं]

पाणी गार ठेवायचा जुना इलाज म्हणजे सावली. ती मोजायला छोटा गोलसर आरसा असतो, चौकोन आखलेला. ओढ्याच्या मधोमध उभं राहून किती चौकोनांत झाड दिसतं आणि किती चौकोनांत उघडं आभाळ, ते मोजायचं. विलो, आल्डर, सीडर लावतात. मग बीव्हर खातात, उंदीर साल कुरतडतात, ब्लॅकबेरीची जाळी वरून चढते. पहिली काही वर्षं गवत कापलं नाही तर लावलेलं असून नसल्यासारखं.

या झाडांसाठी काठाचा पट्टा किती रुंद सोडायचा, यावर मात्र एकमत नाही. 1855 च्या तहाने इथल्या आदिवासी जमातींचा मासेमारीचा हक्क कायम राहिला, आणि न्यायाधीश बोल्ट यांच्या 1974 च्या निकालाने पकडण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा त्यांचा ठरला. मासाच उरला नाही तर त्या निम्म्याला काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं. शेतकरी म्हणतो, दरवेळी माझीच जमीन का? त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. पावसाळ्यात शहरी ओढ्यांत कोहो का मरतात याचं उत्तर 2020 मध्ये मिळालं: टायरच्या झिजेतून येणारं एक रसायन. तिथे शेताचा काही संबंध नव्हता. पण उन्हाळ्यातल्या उघड्या चराचा आहे, आणि लॉगरचा आलेख समोर ठेवला की निदान भांडण कशावरून चाललंय हे दोघांनाही दिसतं.

जमीन सोडणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी योजनेतून भाडं मिळतं, रोपांचा खर्चही मिळतो. करार दहा ते पंधरा वर्षांचा. तो संपत येतो तेव्हा आल्डरने ओढ्यावर सावली धरलेली असते, सीडरला मात्र अजून बरीच वर्षं हवी असतात. करार पुढे वाढवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.