तक्रार नेमकी जाते कुठे?

रायट गेम्स म्हणजे 'लीग ऑफ लेजंड्स' हा ऑनलाइन गेम बनवणारी लॉस एंजेलिसची कंपनी. तिथल्या एका बाईने बैठकीत एक कल्पना मांडली, ती सगळ्यांनी उडवून लावली. तिला शंका आली. तिने एका पुरुष सहकाऱ्याला गळ घातली, की हीच मांडणी जशीच्या तशी तू कर. त्याला काही पटत नव्हतं. पण पुढे तो उभा राहिला, आणि तीच मंडळी म्हणाली, वा, काय सुचलंय! त्याचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं. ऑगस्ट 2018 मध्ये कोटाकू या गेमिंगच्या वेबसाइटने या कंपनीवर मोठा वृत्तांत दिला, त्यात हा प्रसंग आहे.

तेव्हा रायटमध्ये सुमारे 2500 माणसं होती, त्यातले 80 टक्के पुरुष. नोकरी देताना पाहायचे ते उमेदवार 'अस्सल गेमर' आहे का. त्या कसोटीवर चांगल्या, अनुभवी बायका बाद व्हायच्या. मला हे फार घातक वाटतं. टीम सांभाळायला येणाऱ्या बाईने रात्ररात्र जागून कोणता गेम खेळला, याच्याशी कामाचा संबंध काय? आवड ही पात्रता ठरली, की आपल्यासारखीच माणसं आत घेणं सोपं होतं.

पण मला खरं बोलायचंय ते पुढच्या गोष्टीवर. भेदभावाची तक्रार घेऊन काही महिला कोर्टात गेल्या, तेव्हा कंपनीने त्यांतल्या दोघींनी आधीच सही केलेला नोकरीचा करार पुढे केला. त्यात सक्तीच्या लवादाची अट होती. म्हणजे भांडण कोर्टात न्यायचं नाही, बंद दाराआड मिटवायचं. एकीची तक्रार दुसरीच्या कानावर जात नाही, आणि प्रत्येकीला वाटतं की हे फक्त माझ्याच वाट्याला आलंय. 6 मे 2019 रोजी दीडशेहून जास्त कर्मचारी याविरुद्ध काम सोडून बाहेर आले.

त्याच वर्षी कंपनीने 1 कोटी डॉलर्सवर तडजोड ठरवली होती. कॅलिफोर्निया सरकारच्या रोजगार विभागाने आक्षेप घेतला, की कंपनी या बायकांना जे देणं लागते, ते 40 कोटींपर्यंत जाऊ शकतं! शेवटी डिसेंबर 2021 मध्ये 10 कोटींवर समेट झाला. त्यातले 8 कोटी महिलांना, आणि तीन वर्षं बाहेरच्या तज्ज्ञाची देखरेख. खटला चालून निकाल लागला नाही, म्हणून आरोप कोर्टात सिद्ध झाले असं मी म्हणणार नाही. पण सरकार मध्ये पडलं नसतं तर तो विषय 1 कोटीतच मिटला असता.

मार्च 2022 मध्ये अमेरिकेत कायदा झाला. लैंगिक छळाच्या प्रकरणात आता बाईवर लवादाची सक्ती करता येत नाही. नुसत्या पगारातल्या भेदभावाला मात्र तो लागू नाही, आणि रायटच्या दाव्याचा मोठा भाग पगार आणि बढतीचाच होता.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ आपल्या पुण्यात 2008 पासून आहे. त्याच कंपनीच्या फ्रान्समधल्या तीन माजी वरिष्ठांना बोबिन्यीच्या न्यायालयाने जुलै 2025 मध्ये छळाबद्दल दोषी धरलं. पुण्याच्या स्टुडिओचा त्या खटल्याशी संबंध नाही, पण या धंद्यात काम करायला निघालेल्या मुलींनी तो वाचायला हवा.

आपल्याकडे कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा. समेट करायचा तर बाईनेच मागितला पाहिजे, आणि पैसे देऊन समेट करता येत नाही. तक्रार शक्यतो तीन महिन्यांच्या आत, लेखी. त्या समितीच्या नेमणुकीचा आदेश ऑफिसात सहज दिसेल अशा जागी लावणं मालकावर बंधनकारक आहे. नवीन स्टुडिओत रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात तो शोधा, आणि बाहेरच्या सदस्याचं नाव लिहून घ्या. सापडला नाही, तर एचआरला ईमेलवर विचारा, तोंडी नको.