सिंह दिसण्याआधी

मंडळी, जो सिनेमा अजून यायचाय त्याबद्दल बोलायला मी उभा आहे. सी. एस. लुईस यांच्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू' या कादंबरीवर ग्रेटा गर्विग चित्रपट करताहेत. कादंबरी १९५५ची. नार्निया या जादूच्या जगावरच्या सात पुस्तकांत छापून आलं सहावं, पण कथेच्या क्रमानं पहिलं. तो क्रमाचा वाद आज नको. पंधराच प्रकरणं आहेत, सुट्टीच्या दोन-तीन दुपारी पुरतात.

"आधी सिनेमा बघितला तर काय बिघडलं, आजोबा?" असं माझी नात विचारते. एरवी काहीच बिघडत नाही. इथं मात्र बिघडतं.

डिगरी आणि पॉली ही लंडनची मुलं. जादूच्या अंगठ्यांच्या घोळात ती दोघं, डिगरीचा मामा, एक घोडागाडीवाला, त्याचा घोडा आणि एक दुष्ट राणी, असा सगळा लवाजमा काळ्याकुट्ट अंधारात जाऊन पडतो. पायाखाली जमीन, बाकी काही नाही. आठव्या प्रकरणाच्या शेवटाकडं लांबून कुणीतरी गायला लागतं. शब्द नाहीत. चाल म्हणावी, तर तीही धड नाही. मग एकदम आभाळभर तारे उमटतात आणि तेही गाऊ लागतात. पूर्वेकडं फटफटतं, टेकड्या दिसतात, सूर्य वर येतो. तेव्हा कुठं कळतं, गाणारा सिंह आहे.

सोलापूरकरांना हे फोड करून सांगायला नको. लहानपणी संक्रांतीला आम्ही गल्लीच्या तोंडाशी थांबायचो. सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या त्या उंच काठ्यांचा, नंदीध्वजांचा, पत्ता नसायचा. आधी यायचा तो आवाज, 'बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!' अंगावर काटा यायचा. कितीतरी वेळानं घरांच्या वर काठीचं टोक हलताना दिसायचं.

सिनेमाचं पोस्टर लागेल तेव्हा त्यावर सिंह असणार, माझी पैज. संगीतकारालाही त्या गाण्याला एक चाल द्यावीच लागेल. त्याचं कामच ते, तक्रार नाही. पण वाचताना मला भीमसेनजींचा खर्ज ऐकू आला होता. माझ्या एका विद्यार्थ्याला पहाटेचा गिरणीचा भोंगा आठवला. नातीला काय ऐकू आलं, ते ती सांगत नाही.

आणखी एक. डिगरीची आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिला बरं करेल असं फळ त्याच्या हाती लागतं, पण ते त्याला दुसरीकडं पोचवायचं असतं. लुईस नऊ वर्षांचे असताना, १९०८ साली, त्यांची आई कर्करोगानं गेली. हे कळल्यापासून ती पानं मला मोठ्यानं वाचता येत नाहीत. पोरगा मान खाली घालून सिंहापुढं आईसाठी मागणं मागतो. वर बघतो, तर सिंहाच्या डोळ्यांत त्याच्याहून मोठे अश्रू.

आईचं पुढं काय होतं, ते सांगत नाही. माझी प्रत त्या टेबलावर आहे, कुणीही न्या. आठव्या प्रकरणात खुणेला एसटीचं जुनं तिकीट घातलंय, ते तेवढं काढू नका.