आम्ही की आपण?

(पुण्यातल्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

२६ ऑक्टोबर २०२४. शनिवार होता. गहुंजेच्या स्टेडियमवर न्यूझीलंडविरुद्धची कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली. समोर ३५९ धावांचं लक्ष्य होतं आणि आपला डाव २४५ वर आटोपला. त्यांच्या मिचेल सॅन्टनरनं त्या एका सामन्यात १३ बळी घेतले. मायदेशात ओळीनं १८ मालिका जिंकलेला आपला संघ २०१२ नंतर पहिल्यांदाच घरी मालिका हरला, आणि हरला तो पुण्यात.

आम्ही चौघं मित्र दोन गाड्यांवरून परत निघालो. निगडी येईपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. चहाला थांबलो, ग्लास हातात आले, तेवढ्यात आमच्यातल्या एकाचा फोन वाजला. हा बँकेतून निवृत्त झालाय, इंग्लंडमधल्या फुटबॉलपायी रात्र-रात्र जागतो. त्याची रिंगटोन कित्येक वर्षं एकच आहे. क्वीन या इंग्लंडच्या रॉक बँडचं 'वुई आर द चॅम्पियन्स'.

"बंद कर रे ते. आजच्या दिवशी तरी नको," दुसरा म्हणाला. तो पेठेतल्या तालमीत वाढलेला.

"का नको? आजच्याच दिवसाचं गाणं आहे हे. तू कधी नीट ऐकलंयस?"

"ऐकलंय. हरलेल्यांसाठी आमच्याकडे वेळ नाही म्हणतात त्यात. म्हणजे आपल्यालाच म्हणतायत ना?"

तो चहा दीड तास चालला. त्या दीड तासात आम्ही चार जणांनी त्या गाण्याचा जेवढा कीस काढला, तेवढा मी वर्गात कुठल्या कवितेचाही काढला नव्हता. आणि मी आयुष्यभर मराठी शिकवत होतो. त्या वादाविषयी आज बोलायचंय.

आधी गाण्याची हकिगत सांगतो. १९७७ साली इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम संपवून मंडळी आत गेली, पण लोक उठेनात. ते आपण होऊन गायला लागले. काय गायले? 'यू'ल नेव्हर वॉक अलोन'. लिव्हरपूलचे फुटबॉल चाहते स्टँडमध्ये उभे राहून म्हणतात ते गाणं. गिटारवादक ब्रायन मेच्या मनात हे घर करून राहिलं. या लोकांना नुसतं ऐकायचं नाहीये, त्यांनाही काहीतरी करायचंय. मग दाटीवाटीनं उभ्या असलेल्या माणसाला काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. त्यातून त्यानं 'वुई विल रॉक यू' लिहिलं, आणि गायक फ्रेडी मर्क्युरीनं 'वुई आर द चॅम्पियन्स'. ते लिहिताना फुटबॉल डोक्यात होता, लोकांना सोबत म्हणता येईल असं काहीतरी हवं होतं, हे फ्रेडीनं स्वतःच सांगून ठेवलंय. दोन्ही गाणी त्याच वर्षी एकाच रेकॉर्डवर आली.

आमच्यातला चौथा ढोल-ताशा पथकात वाजवतो. निम्मं वर्ष त्याच्या बोटांना पट्ट्या असतात. 'वुई विल रॉक यू'ची गोष्ट निघाल्यावर तोच बोलत सुटला. त्यात दोनदा पाय आणि एकदा टाळी, बस्स. ड्रम नाहीत. गिटार येते ती अगदी शेवटी. हे त्यांनी लंडनमध्ये हायबरीच्या एका स्टुडिओत केलं. जुन्या फळ्या घेतल्या, त्यावर पाय आपटले, त्याचे थरावर थर चढवले आणि प्रत्येक थर किंचित उशिरा वाजेल असं बसवलं. ब्रायन मे पदार्थविज्ञान शिकलेला. तो उशीर त्यानं मूळ संख्यांच्या हिशेबानं ठेवला, म्हणजे एकावर एक थर पडून प्रतिध्वनीसारखं वाटणार नाही, खूप माणसं वेगवेगळ्या अंतरावर उभी आहेत असं वाटेल. आमचा मित्र म्हणाला, "पन्नास ढोल एका क्षणी कधीच पडत नाहीत. पुढच्या रांगेचा आधी, मागच्याचा केसभर मागून. म्हणून तर तो आवाज पोटात जातो. एकदम पडले तर एकच मोठा ढोल वाटेल." मूठभर माणसांनी गर्दी कशी उभी केली, हे मला त्याच्यामुळे कळलं.

पण त्या गाण्याची कडवी कुणी ऐकतं का? धम-धम-टाळी सगळ्या जगाला पाठ आहे. कडवी तीन आहेत. पहिल्यात रस्त्यावर डबा लाथाडत खेळणारा, तोंडाला चिखल लागलेला पोरगा. दुसऱ्यात जग जिंकायला निघालेला तरुण, झेंडा हातात, आता तोंडावर रक्त. तिसऱ्यात गरीब म्हातारा, डोळ्यांनी विनवणी करणारा, थोडी शांतता मागणारा. अख्खं आयुष्य आहे ते, आणि ते जिंकलेल्याचं आयुष्य नाही. प्रत्येक कडव्यानंतर तेच पाय, तीच टाळी. म्हाताऱ्यालाही गर्दी तेच ऐकवते. मला ते ऐकताना दर वेळी गलबलून येतं.

आता मुख्य गाण्याकडे येतो. फोन चहाच्या रिकाम्या ग्लासात उभा ठेवला, आवाज जरा मोठा येतो त्यानं, आणि हायवेच्या गोंगाटात चार डोकी जवळ आणून पहिलं कडवं ऐकलं. अर्थ असा: माझं देणं मी वेळोवेळी चुकतं केलं. शिक्षा भोगली, पण गुन्हा केला नव्हता. चुका केल्या, मोठ्या केल्या. तोंडावर वाळू उडवून घेतली, पण पार झालो.

"बघ," बँकवाला म्हणाला, "शिक्षा भोगली ती कुठली? पाचगणीची. आठ वर्षांचं पोर झांझिबारहून आई-बापांपासून तोडून इथं होस्टेलवर ठेवलं. तो आपलाच आहे, पाचगणीचा."

फारुख बलसारा हे फ्रेडीचं खरं नाव. पारशी घरातला, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये, तिथंच बारा-तेराव्या वर्षी 'हेक्टिक्स' नावाच्या शाळेतल्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. खंबाटकी ओलांडून, वाईवरून पसरणीचा घाट चढताना मलाही दर खेपेला तो आठवतो. पण त्या ओळीतली शिक्षा म्हणजे पाचगणीच, हे मला मान्य नाही. कवीच्या चरित्रातला एखादा प्रसंग उचलून ओळीवर चिकटवायचा आणि अर्थ लागला म्हणायचं, ही खोड मी वर्गात मुलांना सोडायला लावत आलो. ती ओळ फुटबॉलच्या स्टँडमधल्या कुणाही माणसाला स्वतःची वाटावी म्हणून लिहिली आहे. तिला एका शाळेच्या फाटकात कोंडलं तर बाकीच्यांनी कुठं जायचं?

तोंडावरच्या वाळूचं मात्र तालीमवाल्यानं सोनं केलं. मूळ संदर्भ अमेरिकेतल्या जुन्या मासिकांतल्या जाहिरातींचा. चार्ल्स अ‍ॅटलस नावाच्या शरीरसौष्ठवपटूच्या. समुद्रावर बसलेल्या किडकिडीत पोराच्या तोंडावर एक दांडगा वाळू उडवतो, पोरगं घरी जाऊन व्यायाम करतं आणि परत येऊन हिशेब चुकता करतं. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तालीमच की! वाळू काय आणि माती काय." मग सांगू लागला. आखाड्यातली लाल माती, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून कालवलेली. पहिली दोन वर्षं तो रोज पडायचा, आणि पडलं की ती तोंडात जायची. "चव अजून आठवते. आंबट. घरी जेवताना पण तीच चव यायची." हे सांगताना तो थोडा थांबला. आमच्या तीस-पस्तीस वर्षांच्या मैत्रीत त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे आपण म्हणतो 'धूळ चारली'. कुणी चारली ते सांगतो, जिंकणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. या गाण्यात धूळ खाल्लेला माणूस बोलतोय. जगज्जेतेपदाचं म्हणून जे गाणं वाजवलं जातं, त्याचं पहिलं कडवं हरत आलेल्या माणसाचं आहे, आणि ते 'मी'त आहे. मी भोगलं, मी चुकलो, मी खाल्ली. ध्रुवपद आलं की 'मी' जातो आणि 'वुई' येतो.

इथं मी मास्तरकी केली. म्हटलं, त्या 'वुई'चं मराठी करा. इंग्रजीला एक शब्द पुरतो. आपल्याकडे दोन आहेत आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'आम्ही' म्हणजे समोरचा सोडून. 'आपण' म्हणजे समोरच्याला धरून. घरी आलेल्या पाहुण्याला 'आम्ही जेवायला बसतोय' म्हणा आणि 'आपण जेवायला बसू' म्हणा, फरक त्याला लगेच कळेल. मग हे गाणं काय म्हणतंय? आम्ही जगज्जेते, की आपण जगज्जेते?

हमरीतुमरीवर आलो. तालीमवाला 'आम्ही'वर अडून. हरलेल्यांसाठी वेळ नाही म्हणणारा माणूस 'आपण' म्हणूच शकत नाही, त्यानं कुणाला तरी बाहेर काढलेलंच आहे. बँकवाला 'आपण'वर. त्याच ध्रुवपदात 'मित्रांनो' अशी हाक आहे, मित्रांना हाक मारून कुणी 'आम्ही' म्हणतं का? मी बँकवाल्याच्या बाजूचा. ब्रायन मेनंही नंतर असंच सांगितलंय. हे क्वीनबद्दल नाही, आपल्या सगळ्यांबद्दल आहे. कार्यक्रम फुटबॉलच्या सामन्यासारखा व्हायचा, पण सगळे एकाच बाजूला.

मात्र 'आपण' हा शब्द आपण चाहते कसा वापरतो, तेही बघायला हवं. त्याच दिवशी सकाळी बँकवाला म्हणत होता, "आपण काढू आज." यशस्वी जयस्वाल खेळत होता तोवर 'आपण' होतं. विकेटी पडायला लागल्या, आणि दुपारी तोच म्हणाला, "यांना फिरकी खेळता येत नाही." 'आपण'चे 'हे' कधी झाले, त्याला कळलंही नाही. स्टेडियममध्ये माझ्या मागच्या रांगेतही तेच चाललं होतं. जिंकलो तर आपण, हरले तर ते. हे मला फार लागतं. कडव्यातला 'मी' पराभव स्वतःच्या नावावर घेतो, आणि म्हणून त्याला पुढचं 'आपण' म्हणायचा हक्क मिळतो, असं मी त्या रात्री म्हणालो आणि आजही म्हणतो.

गाण्याच्या शेवटावरून आणखी एक वाद झाला. बहुतेकांच्या डोक्यात हे गाणं 'जगाचे' या शब्दावर संपतं, 'ऑफ द वर्ल्ड'. पथकवाला मिसळीची पैज लावायला तयार. पुन्हा फोन ग्लासात ठेवला, शेवटपर्यंत ऐकलं. रेकॉर्डवर ते शेवटचे शब्द नाहीत. आधीच्या ध्रुवपदात आहेत, अगदी शेवटी नाहीत. 'आपण जेते' एवढं म्हणून गाणं तसंच अधांतरी थांबतं, समेवर येता येता राहिल्यासारखं. पथकवाला मानेना, तिसऱ्यांदा ऐकलं. त्याची आठवण खोटी नव्हती. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बलीला, लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात फ्रेडीनं शेवटी 'ऑफ द वर्ल्ड' म्हटलंय, आणि तेच लाखोंच्या कानात बसलंय. समोर भरलेलं स्टेडियम होतं तेव्हा ते पुरं झालं, खोलीत केलेल्या रेकॉर्डवर अपुरं राहिलं. मला तर वाटतं, ती जागा लोकांसाठीच मोकळी सोडली आहे.

राहिली ती हरलेल्यांसाठी वेळ नाही म्हणणारी बोचरी ओळ. तिची सफाई देणारे पुष्कळ आहेत. मी देणार नाही. ती निर्दय आहे. आखाड्यात कुस्ती निकाली झाली की जिंकलेला पडलेल्याला हात देऊन उठवतो, हे तालीमवाल्यानं सांगितलं आणि त्यावर आमच्यापैकी कुणापाशी उत्तर नव्हतं. गाणं लागलं की मी बाकीचं सगळं खुल्या गळ्यानं म्हणतो आणि तेवढ्या ओळीला गप्प राहतो.

त्याचा 'आम्ही' मात्र मला तसाच सोडवेना. म्हणून त्याला २९ फेब्रुवारी १९९६ ची आठवण करून दिली. स्वारगेटचं नेहरू स्टेडियम, विश्वचषक, वेस्ट इंडिज आणि केनिया. आम्ही दोघं गेलो होतो ब्रायन लारा बघायला. केनिया पहिल्यांदाच विश्वचषकात आलेली, आधीचे तिन्ही सामने हरून पुण्यात पोहोचलेली. १६६ वर आटोपली. लारा आठ धावांवर गेला, यष्टिरक्षक तारिक इक्बालनं झेल पकडला. दिवसभर त्याच्या ग्लोव्हजमधून चेंडू निसटत होते, आणि नेमका हा राहिला. मॉरिस ओडुम्बेनं दहा षटकांत पंधरा धावा देऊन तीन बळी घेतले. वेस्ट इंडिज सर्वबाद ९३. केनियाची पोरं मैदानाला फेरी मारत आमच्या स्टँडसमोर आली, तेव्हा हा माझा मित्र बाकावर उभा राहून माझा खांदा हलवत घसा फुटेस्तोवर ओरडत होता, "आपण जिंकलो रे! आपण जिंकलो!"

"असं म्हणालो मी?" त्यानं विचारलं.

"'आपण'च म्हणालास."

तो बराच वेळ रिकामा ग्लास बोटांत फिरवत बसला. हायवेवरून ट्रक जात होते. मग बँकवाल्याकडे वळून म्हणाला, "लाव परत. पहिल्या कडव्यापासून लाव."