रेडिओवर मोजलेली बोटं

मागे आवाज येतोय ना? बरं. गिटार आणलीय पण ती दाखवण्यापुरती, माझं वाजवणं किती आहे ते पुढच्या रांगेतल्यांना चांगलं माहितीय. आज बोलायचंय ते एका रेकॉर्डबद्दल. चेट अ‍ॅटकिन्स आणि मर्ल ट्रॅव्हिस, दोघं अमेरिकेतले कंट्री संगीताचे गिटारवाले, त्यांची 'द अ‍ॅटकिन्स-ट्रॅव्हिस ट्रॅव्हलिंग शो', आरसीए या रेकॉर्ड कंपनीने १९७४ ला काढली. तिला कंट्री इन्स्ट्रुमेंटलचं ग्रॅमी मिळालं, ठीक आहे, पण मला ती आवडते कारण तिच्यात एक जुनी चूक ऐकू येते, आणि ती चूक फार गोड आहे.

झालं असं, चेट मूळचा टेनेसीतल्या लट्रेलजवळचा, जन्म १९२४. लहानपणी दम्याचा त्रास, म्हणून जॉर्जियात वडिलांकडे पाठवला. तिकडे हा पोरगा रात्री रेडिओला कान लावून बसायचा, आणि सिनसिनाटीचं डब्ल्यूएलडब्ल्यू स्टेशन एवढं दणकट होतं की शेकडो किलोमीटरवर ऐकू यायचं. एके रात्री त्याच्यावर ट्रॅव्हिस लागला. एकच माणूस, पण खाली बेस चाललाय, मध्ये कॉर्ड चाललेत, वर चाल चाललीय. चेटला वाटलं हा अंगठा आणि दोन-तीन बोटं लावत असणार, त्याशिवाय हे शक्यच नाही! मग तो तसंच बसवत बसला.

प्रत्यक्षात ट्रॅव्हिस लावायचा अंगठा आणि एक बोट. बास.

हे बघा, अंगठ्यात पिक, म्हणजे तार छेडायची नखी, आणि अंगठा खालच्या सुराच्या तारांवर धुम-चक, धुम-चक, थांबायचं नाही. तळहाताची कड तारांवर टेकलेली, म्हणून धुम घुमत नाही, दबका येतो. ढोलकीवाला कसा एका हाताने धुम ठेवतो आणि दुसऱ्याने बारीक बोल काढतो, तसंच, फक्त इथे दोन्ही कामं एकाच हाताची. ट्रॅव्हिसचा अंगठा रांगडा, एका फटक्यात दोन-दोन तारा घेतो. डाव्या हाताचा अंगठाही गळ्यावरून वळवून तारा दाबायचा, क्लासिकलवाले बघून डोळे मिटून घेतील. आणि चेटकडे बोटं जास्त, म्हणून तो बेसची एकेक तार सुटी सुटी वाजवतो, वर दोन सूर एकदम चालवतो, सगळं इस्त्री केल्यासारखं. म्हणजे नक्कल करायला गेला आणि मोजणी चुकली म्हणून स्वतःचा बाज सापडला. एकलव्य आठवला असेल तुम्हाला, मलाही आठवतो, फक्त इथे गुरूने अंगठा मागितला नाही, उलट शिष्यानेच लांबून त्याचा अंगठा उचलला.

आणि हो, अंगठ्या-बोटाच्या ज्या वाजवण्याला सगळे 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणतात ते ट्रॅव्हिसने शोधलेलं नाही, बरं का. तो केंटकीतल्या म्यूलनबर्ग काउंटीचा, वडील कोळसा खाणीत. तिथल्याच मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली या गिटारवाल्यांकडून त्याने उचललं, आणि त्यांच्याही मागे अर्नल्ड शुल्ट्झ नावाचा काळा गिटारवाला होता, १९३१ ला गेला, त्याचं एकही रेकॉर्डिंग नाही. नाव मात्र ज्याला रेडिओ मिळाला त्याचं लागलं. मला हे खटकतं, म्हणून दर वेळी सांगतो, कंटाळलात तरी सांगणार.

तर १९७४. चेट आता आरसीए नॅशव्हिलचा बडा साहेब, जिम रीव्ह्जसारख्यांच्या रेकॉर्ड काढलेला, फिडल, म्हणजे गावरान ढंगाचं व्हायलिन, बाजूला सारून मऊ व्हायलिनं आणली म्हणून निम्म्या शिव्याही त्यालाच. पण ट्रॅव्हिससमोर बसला की साहेब गायब. या माणसाने स्वतःच्या मुलीला ट्रॅव्हिसचं नाव दिलं होतं, सांगा आता! रेकॉर्डवर दोघं मध्येमध्ये गप्पा मारतात, एकमेकांची खेचतात, ओट्यावर बसल्यासारखं. काहींना त्या गप्पा नको वाटतात. मला त्या हव्यात, कारण अशी दोन गिटारं एकत्र आणणं अवघड असतं, प्रत्येक जण आख्खा बँड, दोन्ही अंगठे सुरू झाले की गर्दी होते, कुणीतरी सरकून जागा द्यावी लागते, आणि गप्पांमधून कळतं की सरकायला दोघांची ना नाही.

शेवटचं गाणं 'आय विल सी यू इन माय ड्रीम्स', ट्रॅव्हिसची हुकमी चीज, आणि गंमत म्हणजे ते गाणं १९२४ चं, चेटच्याच वयाचं. पण आत्ता ते नको. आधी 'कॅननबॉल रॅग' लावतो, ट्रॅव्हिसच्याच नावावर असलेली. चाल सोडून द्या, पहिल्यांदा फक्त धुम ऐका, दबका कुठला आणि इस्त्रीचा कुठला ते ओळखा, नाही जमलं तर परत लावू. अरे, तो पंखा जरा बंद करा कुणीतरी.