ओवायहीच्या घळीतला एडका

मी मूळचा माण तालुक्यातला, धनगराच्या घरातला. दिवाळी झाली की आजोबांचा वाडा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि पावसाच्या आधी परत वर यायचा, वडिलांनी पण तरुणपणी तेच केलं, मी शिकलो आणि नोकरीनं अमेरिकेत गेलो. आयडाहो राज्य, बॉइझी शहर. चौदा वर्षं झाली त्याला. आज तुम्ही ट्रेकर मंडळींनी मला बोलावलंय ते दोन वर्षांपूर्वीच्या एका रानमेंढीच्या शिकारीच्या ट्रिपबद्दल सांगायला. आधीच सांगतो, टॅग म्हणजे शिकारीचा परवाना माझा नव्हता आणि बंदूक पण माझ्या हातात नव्हती. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंद राहावी असंच माझं मत आहे. तिथलं गणित वेगळं आहे, ते कसं ते ऐका आणि मग ठरवा.

बिगहॉर्न म्हणजे तिथली रानमेंढी. आपल्या दख्खनी मेंढरासारखी लोकर नाही हं अंगावर, हरणासारखे आखूड तपकिरी केस, मागचा भाग पांढराफटक, आणि एडक्याची शिंगं अशी की कानामागून वळून गालाखालून परत डोळ्यापाशी येतात. मोठ्या एडक्याची शिंगं कवटीसकट पंधरा किलोच्या आसपास भरतात. नोव्हेंबर-डिसेंबरात माजावर आले की एकमेकांना टकरा देतात, त्याचा आवाज घळीत फार लांबपर्यंत जातो. शिंगांची टोकं बहुतेक म्हाताऱ्या एडक्यांची तुटलेली, झिजलेली असतात. गेली असतील टकरीत, नाहीतर दगडाला घासून.

आता टॅग. आयडाहोत या जनावराचा परवाना लॉटरीनं मिळतो, आणि बाकी काही राज्यांत दरवर्षी अर्ज करत राहिलं की पॉइंट साठतात तसं तिथं काही नाही, पहिल्यांदा अर्ज करणारा आणि तीस वर्षं करणारा दोघांना सारखाच चान्स. वर नियम असा की जो मेंढीसाठी अर्ज करतो त्याला त्या वर्षी हरीण, एल्क वगैरेच्या लॉटरीत अर्ज करता येत नाही. आणि कॅलिफोर्निया बिगहॉर्न या जातीचा एडका जन्मात एकच मारता येतो. एकच. माझा शेजारी वेल्डर आहे, त्यानं एकवीस वर्षं अर्ज केला आणि एका जूनमध्ये तो माझ्या दारात हातात फोन घेऊन उभा राहिला, तोंडातून शब्द फुटेना. म्हणाला तू मेंढरांच्या घरातला आहेस, तू चल. तिसरा आमच्या मुलांच्या शाळेतला मास्तर, त्याचा घळीतल्या वाटांचा अभ्यास दांडगा.

सप्टेंबरात निघालो. ओवायही हे नाव ऐकून चकित व्हाल, ते हवाईचंच जुनं स्पेलिंग आहे. १८१९ च्या सुमारास फरच्या व्यापाऱ्यांबरोबर आलेले तीन हवाईयन माणसं या मुलखात गेली ती परत आलीच नाहीत, त्यांच्यावरून नदीला नाव पडलं. आयडाहोचा नैर्ऋत्य कोपरा, तिथून पुढं ओरेगन आणि नेवाडा. वरून बघितलं तर सपाट पठार, सगळीकडं सेजब्रशची राखाडी झुडपं, आणि मग एकदम पायाखालची जमीन संपते. शेकडो फूट सरळ खाली नदी. डोंगर चढून कडा लागतो ही आपली सवय, इथं सगळं उलटं, गाडी पठारावर लावायची आणि घळीत उतरायचं. कातळ बघून मला घर आठवलं, काळा बसाल्ट तोच, थरावर थर, पण मध्ये मध्ये तांबूस-करडा रायोलाइट आणि त्याचे उभे सुळके. आपला सह्याद्री सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, हा प्रदेश त्यामानानं कालचा, दीड कोटी वर्षांच्या आतबाहेरचा. २००९ साली इथली पाच लाख एकरांच्या वर जमीन वाइल्डरनेस म्हणून राखून ठेवली, आत गाडी नाही, मशीन नाही, पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल तेवढंच.

पाणी हा पहिला प्रश्न. खाली नदी दिसते पण तिच्यापर्यंत जायला वाटच नाही. आम्ही प्रत्येकी आठ लिटर घेऊन उतरलो, त्यातलं दीड लिटर पहिल्याच नाळेत, कड्यातल्या उभ्या खाचेत, माझ्या चुकीनं गेलं, घसाऱ्यावरून पाय सटकला आणि बाहेर बांधलेली बाटली फुटली. घसारा तुम्हाला माहितीये, पण तिथला घसारा म्हणजे पाटीएवढे सपाट दगड, एक हलला की वीस हलतात आणि आवाज पलीकडच्या भिंतीपर्यंत जातो. मास्तरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, इथं पडलास तर लागेलच, पण त्याआधी अर्ध्या घळीला कळेल आपण आलोय ते. त्यानंतर मी प्रत्येक पाऊल आजोबांसारखं टाकायला लागलो, आधी काठी, मग टाच.

मला वाटलं होतं शिकार म्हणजे चालणं. चालणं सगळ्यात कमी. सगळ्यात जास्त बसणं. त्याला ते ग्लासिंग म्हणतात, ट्रायपॉडवर दुर्बीण लावायची आणि समोरची भिंत इंच इंच बघायची, डावीकडून उजवीकडं, मग एक पट्टा खाली, परत उजवीकडून डावीकडं. सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत, मग संध्याकाळी. पहिले दोन दिवस मला दगड आणि दगडच दिसले. चकोर दिसले भरपूर, हो चकोरच, इंग्रजीत पण चुकार म्हणतात, तेव्हाच्या हिंदुस्थानातून नेऊन तिकडं सोडलेला पक्षी, पहाटे कातळावर त्यांची कलकल सुरू झाली की अंगावर काटा यायचा, इतक्या लांब येऊन हा आवाज! तिसऱ्या दिवशी वेल्डर म्हणाला, मेंढी शोधू नकोस, दगडाचा जो तुकडा बाकीच्या दगडांसारखा नाहीये तो शोध. मग दिसलं. पांढरा ठिपका. मग दुसरा. चार एडके, एका जुनिपरच्या सावलीत खरवडून केलेल्या बैठकीवर बसून रवंथ करत होते, सगळ्यांची तोंडं खाली नदीकडं.

तोंडं खाली का, तर त्यांचा अनुभव असा की धोका खालून येतो. म्हणून माणसानं वरून जायचं. पण वारा वेगळं सांगतो. ऊन पडलं की घळीतली हवा तापून वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. म्हणजे वरून जायचं असेल तर ऊन वर येईपर्यंत थांबायचं, हवा तोंडावर आली की मगच सरकायचं. चौथ्या दिवशी आम्ही तीन तास आडवं जात त्यांच्या डोक्यावर पोचलो, दीडशे पावलं राहिली असतील, आणि एक ढग सूर्यावर आला. एवढंच झालं. हवा फिरली, मानेवर गार झुळूक लागली, आणि सगळ्यात मोठ्या एडक्यानं मान वळवून सरळ आमच्याकडं बघितलं. पळाले नाहीत ते. उठले, आळस दिला, आणि जिथं शेळीला पण पाय ठेवता येणार नाही अशा कातळाच्या कंगोऱ्यावरून एकामागोमाग एक निघून गेले. त्यांच्या खुराची कड टणक असते आणि आतली गादी मऊ, ती दगडाला धरते. मी आयुष्यभर मेंढरं बघितली पण असं चालणं नाही बघितलं.

त्या रात्री मास्तरनं जे सांगितलं ते मला तुमच्यापुढं खास ठेवायचंय. या घळीत बिगहॉर्न कायम होते, इथल्या शोशोनी-पायूट लोकांच्या पूर्वजांपासून. शोशोनींतलीच आयडाहोच्या डोंगरातली एक शाखा तर मेंढीखाऊ म्हणूनच ओळखली जायची, एडक्याचं शिंग गरम पाण्याच्या झऱ्यात मऊ करून त्याचं धनुष्य बनवायचे. गोरे लोक आले, खाणी आल्या, बेसुमार शिकार झाली, आणि हजारोंनी पाळीव मेंढरं आली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओवायहीत एकही बिगहॉर्न उरली नव्हती. मग १९६३ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातून थोडी जनावरं आणून इथं सोडली. आम्ही बघितलेले चार एडके त्यांच्या वंशातले.

आणि पैसा कुठून आला? मोठा वाटा शिकाऱ्यांचा. १९३७ च्या कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, लांब बंदुकांवर आणि काडतुसांवर अकरा टक्के, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. शिवाय काही मोजके टॅग लिलावात विकतात, २०१३ साली माँटाना राज्याचा एक बिगहॉर्न टॅग ४ लाख ८० हजार डॉलरला गेला. श्रीमंत माणसानं पैसे मोजून जनावर मारायचं हे मला आजही खुपतं, वेल्डरची लॉटरीच मला जास्त न्याय्य वाटते. पण तो पैसा मेंढ्या हलवायला, रोगाच्या तपासण्या करायला जातो हेही खरं आहे.

रोगाचं ऐका. बिगहॉर्नचा सगळ्यात मोठा वैरी आज बंदूक नाही. पाळीव मेंढ्या-शेळ्यांच्या नाकात एक जंतू असतो, मायकोप्लाझ्मा ओव्हीन्यूमोनिए, पाळीव जनावराला त्याचं बहुतेक काही होत नाही. रानमेंढीनं त्या जनावराच्या नाकाला नाक लावलं की तिला न्यूमोनिया. एका जनावरापासून कळपच्या कळप जातो. आणि जे वाचतात त्यातल्या काही माद्या तो जंतू अंगात बाळगतात, पुढची कित्येक वर्षं कोकरं जन्मतात आणि दोन-तीन महिन्यांची होऊन ढास लागून मरतात. १९९५-९६ च्या हिवाळ्यात आयडाहो-ओरेगनच्या सीमेवर हेल्स कॅन्यनमध्ये तीनशेच्या वर बिगहॉर्न अशी गेली. वेल्डर शेकोटीकडं बघत बसला होता आणि मी गप्प. मला आमचा वाडा आठवत होता, वाघर लावून आत कोंडलेली मेंढरं, रात्री येणारा त्यांच्या खोकल्याचा आवाज, तो आवाज ऐकून मी लहानपणी झोपायचो.

येताना वाटेत आम्हाला एक मेंढपाळ भेटला होता. पेरू देशातला, तिकडं आता मेंढपाळ बहुतेक पेरूचेच, तात्पुरत्या व्हिसावर येतात. चाकांच्या छोट्या घरात एकटा, दोन पांढरी मोठी कुत्री. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी त्याला सांगितलं माझे आजोबा हेच करायचे, तर त्यानं माझा हात बराच वेळ सोडला नाही. आता २०१० मध्ये आयडाहोतल्याच पेएट नॅशनल फॉरेस्टमध्ये बिगहॉर्न वाचवायला मेंढरांची चराई जवळजवळ सत्तर टक्के कमी करायचा निर्णय झाला. बरोबर निर्णय आहे, रानमेंढीला जायला दुसरी जागा नाही. पण एखाद्या मेंढपाळाला त्याची वर्षानुवर्षांची वाट सोड म्हणणं म्हणजे काय ते मला घरून माहितीये, आपल्याकडं वनखात्याच्या हद्दीवरून वडिलांनी किती बोलणी खाल्ली ते मी बघितलंय. दोन्ही बाजू मला माझ्याच वाटतात, आणि त्यावर माझ्याकडं सोपं उत्तर नाही.

सातव्या दिवशी ते चौघे परत सापडले, दोन घळी सोडून. यावेळी घाई नाही केली. पहाटे साडेचारला निघालो, ऊन पडेपर्यंत एका कपारीत बसून राहिलो, मग पोटावर सरकत कड्याच्या काठापर्यंत. दोनशे साठ यार्ड. वेल्डरनं चाळीस मिनिटं बंदूक रोखून धरली कारण मोठा एडका दुसऱ्याच्या मागं झोपला होता आणि गोळी आरपार जाऊन दुसऱ्याला लागू शकते. चाळीस मिनिटं! त्याच्या मनगटावर मुंग्या चढल्या तरी हलला नाही. एडका उठला, दोन पावलं बाजूला आला, एकच गोळी. तो जागेवर बसला आणि मग आडवा झाला.

कोणी ओरडलं नाही. पोचायला दीड तास लागला. वेल्डर गुडघ्यावर बसला, एडक्याच्या मानेवर हात ठेवला आणि रडला, मी पण. नियमाप्रमाणे टॅगवर महिना आणि तारखेची खाच कापली आणि कामाला लागलो, कारण सप्टेंबरचं ऊन, मटण खराब व्हायला वेळ लागत नाही, आणि खाण्याजोगं मटण रानात टाकून येणं तिथं गुन्हा आहे. सोलायचं काम मी केलं. हे हात ते विसरले नव्हते. मग तिघांत ओझं वाटलं, माझ्या पाठीवर तीस किलोच्या वर, आणि ती नाळ परत चढायला रात्रीचे अकरा वाजले. मटण आमच्या तिन्ही घरांत पुढं महिनाभर होतं, एकदा मी त्याचा आपला रस्सा केला, काळं तिखट घालून, मास्तरची बायको अजून मागते.

पठारावर रेंज आली तेव्हा इथं सकाळ होती. वडिलांना व्हिडिओ कॉल लावला, टॉर्चच्या उजेडात डोकं दाखवलं. ते कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आरं, दात दाव." मी खालचा ओठ खाली ओढला. "जुळून कवाच झिजलंत. म्हातारा हुता त्यो." जुळणं म्हणजे सगळे दात पूर्ण येणं. शिंगावर दर हिवाळ्यात वाढ थांबली की एक वळ उठतो, ते वळ मी त्यांना मोजून दाखवले, दहा निघाले. त्यांना ते फार आवडलं, परत मोजायला लावले. मग विचारलं, "आन् त्याच्या बरुबरची? तीन हुती म्हनलास."

मी सांगितलं, गोळीच्या आवाजानं खाली उतरली, नदी ओलांडली आणि समोरच्या भिंतीवर चढली. दुसऱ्या दिवशी निघताना मास्तरनं दुर्बीण लावून दिली तेव्हा तिथंच होती. दोन चरत होती आणि एक कड्याच्या टोकावर उभं राहून खाली नदीकडं बघत होतं.